दिवे वाढले, उजेड कोठे लावावा?

दीपावलीच्या विशेष पानात आमच्यासारख्या कीर्तनकाराने दिव्यावर लिहावयाचे म्हटले, की पुढचे सारे वाचकांस आधीच ठाऊक असते. दिवा म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान, आणि शेवटी अंतरीचा दीप उजळण्याचा उपदेश. हे निरूपण आम्ही चाळीस वर्षे नारदांच्या गादीवरून केले आहे आणि भगवंताची कृपा असेल तोवर पुढेही करू. आज मात्र आम्हांस त्या रूपकाविषयी बोलावयाचे नाही. जो दिवा आपण बाजारातून विकत आणतो, भिंतीत, छतात, जिन्यात, मोरीत बसवितो आणि ज्याचे बिल भरतो, त्या साध्या दिव्याविषयी बोलावयाचे आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या घरांतील दिव्यांत जेवढा पालट झाला, तेवढा त्याआधीच्या साऱ्या आयुष्यात आम्ही पाहिला नव्हता. त्या पालटाचा विचार आपण पुरता केलेला नाही. तो न केल्याचे मोल आमच्याच घराने दिले आहे, म्हणून हा लेखनाचा खटाटोप.

आमच्या घरची हकीकत

आमचे घर वाईचे. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावरचा जुना वाडा, चार पिढ्यांचा. २०२१ साली पुण्यास असलेल्या पुतण्याने हौसेने व स्वकष्टाच्या पैशाने त्याची दुरुस्ती केली. ओसरीचा दिवाणखाना झाला, त्यास खोटे छत लागले आणि त्या छतात एक सोडून सोळा दिवे बसले. माजघरात झुंबर आले. मागल्या पडवीच्या कडेने रंगीत दिव्यांच्या माळा सुटल्या. गावातील स्नेही पाहावयास आले आणि वाड्याचे नशीब उजळले असे म्हणाले. आम्हीही मान डोलाविली.

माजघरातून पडवीत उतरताना आमच्याकडे एक पायरी आहे. त्या पायरीच्या उजव्या हातास, कंबरेच्या उंचीवर, भिंतीत एक दिवळी होती. आमच्या आजीच्या काळी तेथे तेलाची चिमणी असे, नंतर रॉकेलची. वीज आल्यावर ती रिकामी झाली आणि तिच्यात काजळी, जळमटे व विसरलेल्या किल्ल्या एवढेच उरले. गवंड्याने विचारले, "ही बुजवू का?" आम्ही म्हणालो, "बुजवा." हा निर्णय पुतण्याचा नव्हता, तो आमचा होता. हे येथे स्पष्ट लिहितो.

त्याच वर्षीच्या नरक चतुर्दशीस आमच्या थोरल्या वहिनी पहाटे निरांजन घेऊन तुळशीकडे निघाल्या. वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षे त्या पायरीवरून त्यांची जा-ये. मागे माजघरात झुंबर झगझगत होते, समोर पडवीत माळा लुकलुकत होत्या आणि मध्ये ती पायरी होती. दोन्हीकडे एकाच रंगाची गुळगुळीत नवी फरशी. पायरीची कड कोठे संपते ते डोळ्यांस उमजेना. वहिनी पडल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि आजही त्या आधार घेऊनच चालतात. रुग्णालयात त्यांच्या उशाशी आम्ही बसलो असता त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, दिवे पुष्कळ होते हो. पायरीलाच तेवढा नव्हता."

हे वाक्य आम्ही तेव्हापासून विसरू शकलेलो नाही.

स्वस्ताई कोठून आली

प्रथम हे दिवे एवढे वाढले कसे, ते पाहू. आमच्या लहानपणी खोलीस एक बल्ब असे. चाळीसचा की साठचा, यावर घरात विचारविनिमय होई, आणि खोलीतून बाहेर पडताना बटण बंद न करणाऱ्यास बोलणी बसत. साठ वॅटचा पिवळा बल्ब सुमारे सातशे ल्युमेन उजेड देई आणि सुमारे हजार तासांत त्याची तार तुटे. वीज जेवढी खाई तिचा बहुतेक भाग उष्णतेतच जाई. रात्रभर लावावयाच्या ज्या इवल्या बल्बास आपण 'झिरो' म्हणत असू, तोदेखील बारा-पंधरा वॅट खात असे.

मग एलईडी आला. लाल व हिरवा प्रकाश देणारे डायोड पूर्वीच होते; निळा साधत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड होत नव्हता. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी तो साधला आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले. आपल्याकडे ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारची 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने दिवे घाऊक खरेदी केले. २०१४ च्या आरंभी या खरेदीत एका दिव्यास सुमारे ३१० रुपये पडत होते. २०१६ पर्यंत तो भाव चाळिसाच्या आसपास उतरला. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. आज नऊ वॅटचा साधा दिवा आठशे-नऊशे ल्युमेन उजेड देतो; म्हणजे जुन्या साठच्या बल्बाहून अधिक, आणि वीज त्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी.

ही मोठीच भाग्याची गोष्ट होय. रॉकेलच्या धुरात ज्यांनी अभ्यास केला त्यांनी या दिव्यास नावे ठेवू नयेत, आणि आम्ही ठेवीत नाही. परंतु कोणतीही वस्तू स्वस्त झाली, की तिच्याविषयीचा विचारही स्वस्त होतो. बल्ब महाग होता व वीज जपावयाची होती, तेव्हा तो कोठे लावावा हे घरातील वडीलधारी माणसे ठरवीत. आता दिवा चाळीस ठिकाणी लावणे परवडते, म्हणून तो कोठे हवा हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. तो प्रश्न छत करणारा कारागीर सोडवितो, आणि त्याच्या दृष्टीने दिवे समान अंतरावर ओळीत आले म्हणजे काम झाले. त्या छताखाली कोण बसणार, कोण चालणार, कोण पोळ्या लाटणार, हे त्यास ठाऊक नसते आणि आपणही सांगत नाही.

जनकाचा प्रश्न

बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जनक राजा याज्ञवल्क्यास विचारतो, की मनुष्यास उजेड कशाचा? मुनी म्हणतात, सूर्याचा. सूर्य मावळल्यावर? चंद्राचा. तोही मावळल्यावर अग्नीचा, अग्नी शांत झाल्यावर वाणीचा, आणि अखेरीस आत्म्याचा. वेदान्ती या अखेरच्या पायरीकडे धाव घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु मधल्या प्रत्येक उत्तरात याज्ञवल्क्य एक गोष्ट पुनःपुन्हा सांगतात: या उजेडाने मनुष्य बसतो, हिंडतो-फिरतो, काम करतो आणि घरी परततो. उजेडाचा उपयोग काय, याची एवढी नेमकी गणना आम्ही अन्यत्र वाचलेली नाही. शोभेचा त्यात उल्लेख नाही. शोभा असू नये असे नव्हे. ती चौघींच्या मागून यावी.

घरातील दिवा निवडताना हे चार प्रश्न स्वतःस विचारावेत, असे आम्हांस वाटते. येथे कोणी बसणार आहे काय? येथून कोणी जाणार-येणार आहे काय? येथे कोणी काम करणार आहे काय? येथे कोणी परतणार आहे काय? चारही उत्तरे नकारार्थी आली, तर त्या जागी दिवा नसला तरी चालेल.

बसण्याचा उजेड

समई जमिनीवर का ठेवीत, याचा विचार करा. कारण माणसे जमिनीवर बसत. पोथी व्यासपीठावर, समई तिच्या कडेला, हातभर अंतरावर. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले, की उजेड चौथाई होतो. तिप्पट झाले, की नववा हिस्सा उरतो. पुस्तकाच्या डोक्यावर सहा फुटांवर छतात असलेला दिवा आणि दोन फुटांवर शेजारी ठेवलेला तेवढाच दिवा, यांत सुमारे नऊपट अंतर पडते. म्हणूनच एका वात-तेलाच्या दिव्यावर आमच्या पूर्वजांनी आयुष्यभर पोथ्या वाचल्या, आणि सोळा दिव्यांच्या दिवाणखान्यात आमच्या बंधूंस वर्तमानपत्र वाचावयास खिडकी गाठावी लागते.

यास्तव बैठकीच्या खोलीत छतातील दिवे निम्मे करावेत व उरलेल्या पैशांतून वाचणाऱ्याच्या खुर्चीशेजारी एक दिवा आणावा. उजवखोऱ्याने लिहावयाचे असेल, तर तो डाव्या खांद्याकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. दिव्याचा उघडा बिंदू बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत शिरू नये. त्यास झाकण असावे, अथवा तो भिंतीवर पडून तेथून परतावा. आम्हांस याचा अनुभव व्यासपीठावर वारंवार येतो. उत्सवाचे कार्यकर्ते प्रेमाने दोन प्रखर दिवे आमच्या तोंडावर सोडतात आणि समोरचे श्रोते काळोखात बुडवितात. आम्हांस कोणाचा चेहरा दिसत नाही. आख्यान कोणास भिडते आहे, कोण पेंगतो आहे, काही कळत नाही. घरातील बैठकीचेही तसेच. एकमेकांचे चेहरे सौम्यपणे दिसावेत एवढा उजेड गप्पांस पुरतो.

जाण्या-येण्याचा उजेड

वहिनींची हकीकत या सदरातील आहे, म्हणून येथे जरा थांबतो. माणसाचे वय साठीला पोचते, तेव्हा त्याच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत जो प्रकाश पोचतो, तो विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश असतो. बाहुली आकसते, भिंग पिवळसर व गढूळ होते. त्या गढूळ भिंगामुळे समोरचा प्रखर दिवा डोळ्यांत पसरतो आणि त्याभोवतीचे सारे पुसून टाकतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि वय वाढते तसा हा वेळही वाढतो. म्हणजे झगझगीत माजघरातून अंधाऱ्या पायरीवर येणारी वृद्धा ही क्षणभर जवळजवळ अंधच असते. घरात थोडके दिवे असते तर कदाचित त्या पडल्या नसत्या. खरा धोका काळोखापेक्षाही त्या शेजारच्या झगमगाटात होता.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. पायरीची कड व पायरीचा पृष्ठभाग यांवर उजेड पडावा आणि तो खालून अथवा कडेने पडावा. जिन्याच्या दोन्ही टोकांस बटण असावे, म्हणजे अंधारात चढून जाऊन दिवा लावावा लागत नाही. वायरमन मंडळी यास 'टू-वे' जोडणी म्हणतात आणि ती जुन्या घरातही करता येते. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंतची वाट रात्री मंद, पिवळसर, जमिनीलगतच्या दिव्याने दिसावी. एक-दोन वॅटचे दिवे, हालचाल होताच लागणारे, आता सर्वत्र मिळतात. आमच्या पूर्वजांच्या दिवळ्या नेमक्या अशाच ठिकाणी होत्या: पायरीशी, जिन्याच्या वळणावर, विहिरीच्या वाटेवर, वारा लागणार नाही अशा आडोशास आणि डोळ्यांच्या खाली. भिंत बांधतानाच दिव्याची जागा ठरत असे. आपण त्या बुजविल्या आणि दिवे छतास नेले.

कामाचा उजेड

स्वयंपाकघरात दिवा बहुधा खोलीच्या मधोमध असतो आणि ओटा भिंतीशी. गृहिणी ओट्याशी उभी राहिली, की दिवा तिच्या पाठीशी येतो आणि तिचीच सावली तिच्या हातांवर पडते. विळी अथवा सुरी चालते ती त्या सावलीत. ज्या घरात देवघरास तीन प्रकारचे दिवे आहेत, त्या घरातही ही स्थिती आम्ही पाहिली आहे. ओट्यावरील कपाटाच्या तळाशी, पुढच्या कडेने एक लांब पट्टीदिवा लावला, की हे दुखणे जाते. येथे उजेडाचा गुणही पाहावा. दिव्याच्या वेष्टनावर रंग किती खरे दिसतील याचा अंक असतो, त्यास सीआरआय म्हणतात. तो ऐंशीच्या खाली नसावा, नव्वद असल्यास उत्तम. हलक्या दिव्यात डाळीतील खडा, तांदळातील अळी आणि भाजीचा उतरलेला रंग लवकर ओळखू येत नाही.

मोरीकडेही जरा पाहू. सणाच्या दिवशी पंचवीस पाने उठल्यावर भांड्यांचा ढीग ज्या बाईंच्या पुढ्यात पडतो, त्यांच्या डोक्यावर अनेक घरांत अजूनही जुनाट, काजळलेला एक दिवा असतो, किंवा तोही नसतो. ओल्या फरशीवर, काचेच्या भांड्यांत, त्या हाताने चाचपत काम करतात. लक्ष्मीपूजनास दाराशी शंभर दिव्यांची माळ आणि मोरीत अंधार, हे लक्ष्मीस आवडेल असे आम्हांस वाटत नाही. मोरीत व न्हाणीघरात पाण्याच्या शिंतोड्यांपासून बंदिस्त असा दिवा घ्यावा. त्यावर आयपी ४४ किंवा त्याहून वरचा अंक असतो. बटण ओल्या हातास लागणार नाही अशा ठिकाणी असावे. आणि घराच्या मुख्य फळीत, गळती होताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर इतर सारे दिवे थांबवून आधी तो बसवून घ्यावा.

परतण्याचा उजेड

संस्कृत शास्त्रांत देहलीदीपन्याय प्रसिद्ध आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेवलेला एक दिवा आतली खोलीही उजळतो आणि बाहेरचे अंगणही. त्याप्रमाणे वाक्यातील एखादा शब्द मागे व पुढे दोहोंकडे लागू पडतो. व्याकरणाच्या वर्गात आम्ही हा न्याय शिकविला, पण घर दुरुस्त करताना तो आठवला नाही. दारातील दिवा असा असावा, की बाहेरून येणाऱ्यास कुलूप, कडी व पायरी दिसावी, आणि आतल्या माणसास दारात उभ्या असलेल्याचा चेहरा दिसावा. दिवा दाराच्या मधोमध वर असला, तर येणाऱ्याची सावली कुलपावर पडते व चेहरा काळा दिसतो. तो कुलपाच्या बाजूस, डोक्याहून किंचित वर असावा. आमच्या लहानपणी घरातील शेवटचा माणूस परत येईपर्यंत ओसरीवरचा कंदील कोणी काढीत नसे. रात्रपाळीहून येणाऱ्या मुलाकरिता किंवा मुलीकरिता आज ते काम चार-पाच वॅटचा दिवा करू शकतो. त्यास लागणारी वीज नगण्य आहे.

अंधारासही जागा हवी

उजेड कोठे लावावा याबरोबर तो कोठे लावू नये हेही ठरविले पाहिजे. पणतीच्या ज्योतीचा रंग केल्विन या मापात सुमारे १९०० असतो, जुन्या पिवळ्या बल्बाचा २७०० च्या आसपास. आणि आज दुकानदार 'लख्ख पांढरा' म्हणून जो पुढे करतो तो ६५०० चा. पांढरा एलईडी हा मुळात निळा डायोड असून त्यावर पिवळा लेप असतो. दिवा जेवढा लख्ख, तेवढा त्यात निळा अंश अधिक. डोळ्यात पाहण्याखेरीज दिवस-रात्र ओळखणाऱ्या निराळ्या पेशी असतात, हे २००२ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. त्या या निळ्या अंशास विशेष जाणतात आणि झोप आणणारा रस शरीरात उशिरा पाझरतो. म्हणून निजावयाच्या खोलीत व माजघरात सायंकाळनंतर २७०० ते ३००० केल्विनचा दिवा असावा. अभ्यासाच्या मेजास व ओट्यास ४००० पर्यंत चालेल. ६५०० चा दिवा घरात कोठे हवाच, असे स्थान आम्हांस तरी आढळले नाही. कीटकही अशा दिव्यांकडे अधिक झेपावतात, हे पावसाळ्यात ज्याने त्याने पाहिलेच असेल.

आम्हांस अनेकजण विचारतात, की दिवा कोणत्या दिशेस असावा? तेलाच्या दिव्याची ज्योत कोणत्या दिशेस असावी याविषयी आचार आहे आणि तो घरोघर पाळला जातो. धनत्रयोदशीस यमदीप तेवढा दक्षिणेकडे. परंतु विजेच्या दिव्यास वात नाही, आणि त्याच्या दिशेसाठी कोणी हजारो रुपयांचा सल्ला देऊ लागला, तर त्यास नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा. विजेच्या दिव्याची दिशा डोळ्याने ठरवावी.

देवघराविषयी मात्र आमचे एक सांगणे आहे. मूर्तीवर छतातून झोत सोडला, तर भुवया व नाक यांची सावली पडून देवाचे डोळे झाकले जातात. मूर्ती घडविणाऱ्याने ती समईच्या, म्हणजे पुढून व खालून येणाऱ्या, सौम्य उजेडात पाहिली जाईल हे धरूनच घडविली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्तास निवाऱ्यातील न हलणाऱ्या दिव्याची उपमा दिली आहे. देवापुढे रंग बदलीत लुकलुकणारी माळ लावून चित्त स्थिर होण्याची अपेक्षा करणे कठीण. देवघरात समई व निरांजन असावे, आणि पोथीवर पडेल असा एक झाकलेला पिवळसर दिवा. ज्योतीच्या वर व कडेस पडदा, कागदी सजावट अथवा खोट्या छताची कड जवळ येऊ देऊ नये.

खरेदी करताना

दुकानात वॅट विचारू नयेत, ल्युमेन विचारावेत. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व 'आर'ने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक दिव्यावर आहे हे पाहावे. फेरीवाल्याच्या निनावी दिव्यास तो बहुधा नसतो. दिवा लावून भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून पाहावा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो लवलवणारा दिवा आहे, डोके दुखविणारा. एलईडीचा शत्रू उष्णता आहे. खोट्या छतात कोंडलेला दिवा वेष्टनावर लिहिलेली वर्षे क्वचितच काढतो. ज्या दिव्याचा बल्ब घरातील माणसास स्टुलावर चढून बदलता येतो तो दिवा बरा. जो सबंध उखडून टाकावा लागतो तो स्वस्त असूनही महाग.

दिवाळीचा मूळ पाठ

दिवाळीच्या पणत्या आपल्याकडे कोठे ठेवीत हे आठवून पाहा. उंबरठा आणि तुळस तर आहेतच; पण विहिरीचा काठ, गोठा, परसातील मोरी, उकिरडासुद्धा. आमची आजी आम्हां मुलांच्या हाती पणत्या देऊन प्रथम या मागच्या जागांस धाडीत असे. पुढच्या दारी नंतर. त्या वेळी आम्हांस तो जुलूम वाटे. आज उमगते, की वर्षभर जेथे कोणाचे लक्ष जात नाही तेथे वर्षातून एकदा तरी उजेड घेऊन जावे, म्हणजे तेथली पडझड, ओल, सैल झालेला दगड दिसतो, असा त्या चालीत शहाणपणा होता. आज रोषणाई सारी रस्त्याकडच्या बाजूस असते आणि शेजाऱ्याच्या निजावयाच्या खिडकीत मध्यरात्रीपर्यंत लुकलुकते.

वाचकहो, यंदा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी एक प्रयोग करा. घरातील सारे दिवे काही मिनिटे मालवा. हाती एक निरांजन घ्या, किंवा विजेरी. घरातील सर्वांत वृद्ध माणसाचा हात धरा आणि त्यांच्या बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत, तेथून देवघरापर्यंत, ओट्यापर्यंत, मोरीपर्यंत आणि दारापर्यंत चाला. त्यांचे पाऊल जेथे अडखळेल, जेथे त्यांचा हात भिंत शोधील, तेथे खडूने खूण करा. यंदाचा पहिला नवा दिवा त्या खुणेवर लावा. झुंबर पुढल्या वर्षी आणता येईल.

आमच्या वाड्यात आम्ही गवंड्यास पुन्हा बोलाविले. त्याने ती दिवळी उकरून मोकळी केली. आत जुन्या काजळीचा थर तसाच होता. तो आम्ही पुसू दिला नाही. आता तेथे दोन वॅटचा पिवळसर दिवा रात्रभर असतो, पायरीच्या कडेवर एक पांढरी पट्टी आहे, आणि माजघरातील झुंबर फक्त पाहुण्यांपुरते लागते. नरक चतुर्दशीच्या पहाटे त्या दिवळीत तेलाची पणती ठेवतात. ती वहिनी स्वतः ठेवतात. एका हातात आधाराची काठी, दुसऱ्या हातात पणती, आणि त्यांचा कोपर धरून पुतण्या. पायरी उतरण्यापूर्वी त्या क्षणभर थांबतात, खाली पाहतात, आणि मग पाऊल टाकतात.

ही दीपावली सर्वांच्या घरी पायांपुढे उजेड घेऊन येवो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून ही सेवा येथे पुरी करतो.